परसातली भाजी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तुम्हीही चार ओळी लिहा, असा चालकबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, एवढेच मी शाळेत शिकले. परंतु आपल्या परसालाही इतिहास आहे आणि तो बायकांनी घडविलेला आहे. तोच जमेल तसा येथे सांगते.

आपले उंब्रज कृष्णा-तारळीच्या काठचे गाव. पूर्वी घर कितीही लहान असले, तरी मागे चार हात परस असायचेच. न्हाणीचे पाणी अळवाला आणि केळीला जाई. कुडावर घेवडा, छपरावर भोपळा, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता. चाकवत, अंबाडी, तांदुळजा तर पायाखाली उगवे. चुलीची राख भाजीवरच्या माव्यासाठी उपयोगी पडे आणि त्याच राखेत घोळलेले बी पुढच्या सालासाठी गाडग्यात राही. याला कोणी शेती म्हणत नसे, सातबाऱ्यावर त्याची नोंद नसे. पण हातात पैसा नसला तरी घरात भाकरीबरोबर कोरड्यास असे, ते या परसामुळे.

अडचणीचे दिवस आले की सरकारलाही परसाची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत लोकांनी बागांतली फुलझाडे काढून बटाटे आणि कोबी लावले. आपल्याकडे १९४३ साली बंगालात भयंकर दुष्काळ पडला आणि त्याच सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली. पुढे १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. धान्याची टंचाई होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला सोमवारी एक वेळ न जेवण्याचे आवाहन केले आणि दिल्लीतील आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर चालविला. आमच्या आजेसासूबाई म्हणत, “सोमवार महादेवाचा, आम्हाला कुठे नवा होता? पण पंतप्रधानांनी अंगणात पेरलं, ते मात्र आवडलं बाई.”

१९७२ चा दुष्काळ सासूबाईंनी पाहिला. बाया-माणसे खडी फोडायला जात आणि पोरांना सुकडी मिळे. त्या साली सासूबाईंनी अंघोळीचे आणि भांड्याचे पाणी थेंब न सांडता परसात घातले आणि एक शेवगा जगविला. त्या पाल्याची भाजी घरातल्या नऊ माणसांनी खाल्ली.

ज्यांना चार हातही जागा नाही त्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. त्याचेही उत्तर आपल्या मुलखातल्या माणसाने शोधले आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोळकरांचे एक थोरले बंधू श्री. अ. दाभोळकर हे कोल्हापूरला असत. ते गणित शिकवीत. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. पालापाचोळा कुजवून चांगली माती करावी आणि सूर्याचा प्रकाश वाया जाऊ देऊ नये, म्हणजे दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब नीट जगेल, असे ते हिशेबाने सांगत. मुंबई बंदराच्या कामगारांसाठी मोठे स्वयंपाकघर होते. तेथील प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास ओला कचरा कुजवून गच्चीवरच भाजी आणि फळझाडे वाढविली. सातासमुद्रापलीकडे क्युबा देशातही असेच घडले. १९९१ साली रशियाचे संघराज्य मोडले, तेथून येणारे तेल आणि अन्न थांबले, तेव्हा हवाना शहरातील लोकांनी मोकळ्या जागांवर वाफे घातले. आणि आपल्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे! शाळेत न गेलेल्या या माउलीने गावठी बियाणे जपले आणि पद्मश्री मिळविली.

एवढे सगळे सांगून झाल्यावर आता स्वतःची चूक सांगते. सासूबाई गेल्यावर चिखल नको, पाली-विंचू नकोत, म्हणून मीच हट्टाने परसात फरशी घालून घेतली. शेवगाही तोडला. आमच्या भागात शिवारभर ऊस. भाजी बाजारातून येते, मग परस कशाला, असे मला वाटले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. बाजार बंद झाला. आमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत एक भाडेकरू बाई राहते. तिचा नवरा मजुरीवर, आणि मजुरी तर बंद. तिने तेलाचे डबे आणि सिमेंटची पोती मातीने भरून दारात मेथी, कोथिंबीर, मिरची लावली होती. एके सकाळी ती मेथीची जुडी घेऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, “वहिनी, तुमच्या पोरांना हिरवं काही नसंल.” तिला जमीन नव्हती, मला होती; आणि देणारी ती, घेणारी मी! त्या दिवशी मला फार लाज वाटली. पुढे पावसाळ्यात सहा फरश्या उखडल्या आणि शेवग्याची फांदी लावली. त्याच साली ‘उमेद’ अभियानातून बचत गटांच्या बायकांसाठी पोषण परसबागेची मोहीमही निघाली.

भगिनींनो, परस दर वेळी टंचाईत आठवते आणि सुबत्ता आली की आपण ते विसरतो. हाच त्याचा इतिहास. तो बदलावा असे वाटते. आपल्या मंडळाने प्रत्येक सभासदाकडून एक-एक गावठी बी घेऊन बियांचा एक डबा ठेवावा. ज्यांच्या दारात जागा आहे त्यांनी एक वाफा भाडेकरू भगिनीला द्यावा. गटाराचे पाणी मात्र पालेभाजीला घालू नये, त्याने आजार होतात. न्हाणीचे पाणी अळू-केळीलाच बरे.

ती भाडेकरू बाई आता आपल्या मंडळाची सभासद आहे. या डब्यात पहिली मूठ तिच्या मेथीची पडावी, एवढीच माझी इच्छा.