भागीदारांचे कलह आणि कायद्याचे साहाय्य : मिताक्षरेपासून आजपर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला गणित शिकवले आणि ज्यांची इच्छा असे त्यांना शाळा सुटल्यावर हिशेबनीसीही शिकवली. रविवारी सकाळी बेगमबाजारातले दोन-चार व्यापारी कीर्द-खतावणीच्या वह्या काखेत मारून त्यांच्या घरी येत, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. भागीदारांत बोलणे तुटले की वह्या गुरुजींकडे जात. त्यांना कोणी नेमलेले नव्हते आणि त्यांचा शब्द कोणावर कायद्याने बंधनकारक नव्हता. माझे आयुष्य मात्र जेथे शब्द बंधनकारक असतो अशा ठिकाणी, म्हणजे न्यायालयात गेले. भागीदार भांडले तर त्यांना कायद्याची मदत कशी मिळत आली, हा आजचा विषय मी त्या दोन अनुभवांमधल्या अंतरामुळे निवडला आहे.

प्रारंभ आपल्याच मुलखातून करता येतो. येथून मुंबईच्या हमरस्त्याने हुमनाबाद ओलांडले की बसवकल्याण लागते. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानच्या, पुढे राज्याच्या, बिदर जिल्ह्यात होता. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. सहावा विक्रमादित्य तेथे १०७६ ते ११२६ राज्य करीत असता विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. मिताक्षरा म्हटले की आपल्याला एकत्र कुटुंब आणि वारसाहक्क आठवतो, कारण इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी तिचा तेवढाच भाग नित्य वापरात ठेवला. पण त्याच ग्रंथात संभूयसमुत्थानाचे, म्हणजे अनेकांनी एकत्र येऊन केलेल्या उद्योगाचे, एक छोटे प्रकरण आहे. वकील मंडळी ते सहसा उघडत नाहीत. मीही ते पन्नाशी उलटल्यावर वाचले, हे येथे कबूल केलेले बरे.

मनूच्या अठरा व्यवहारपदांत संभूयसमुत्थान चौथे येते. परंतु मनूचे लक्ष तेथे मुख्यतः यज्ञातील ऋत्विजांनी दक्षिणा कशी वाटून घ्यावी याकडे आहे. याज्ञवल्क्याने व्यापाऱ्याला पुढे आणले. नफा-तोटा ज्याने जेवढे भांडवल घातले त्या प्रमाणात किंवा आपसांत ठरले असेल तसा वाटावा. इतरांनी मना केलेले किंवा संमती न दिलेले काम करून, अथवा हयगयीने, कोणी नुकसान केले तर ते त्याने भरून द्यावे. संकटातून माल वाचविणाऱ्याला दहावा भाग अधिक मिळावा. परदेशी गेलेला भागीदार वारला तर त्याचे द्रव्य वारसांनी घ्यावे. वाकडेपणाने वागणाऱ्याला नफा न देता बाहेर काढावे आणि ज्याच्याने काम होत नाही त्याने दुसऱ्याकडून करवून घ्यावे. हेच नियम ऋत्विज, शेतकरी आणि कारागीर यांनाही लागू, असे सांगून स्मृतिकार थांबतो. विशेष लक्षात घ्यावे ते हे की भागीदाराला काढूनही धंदा चालू राहू शकतो, ही कल्पना तेथे आहे.

न्याय कोणी करावा याचीही चढती उतरंड त्याच स्मृतीत आहे : कुल, श्रेणी, पूग आणि राजाने नेमलेले अधिकारी. विज्ञानेश्वर श्रेणीचा अर्थ एकाच धंद्यावर जगणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या लोकांचा समूह असा करतो. तेव्हा व्यापाऱ्यांचा तंटा राजापर्यंत जाण्यापूर्वी धंदा जाणणाऱ्यांपुढे यावा, ही अपेक्षा उघड आहे. बृहस्पती तर याहून पुढे गेला. भागीदारांत संशय उत्पन्न झाला वा फसवणूक दिसली, तर भागीदारांनीच परस्परांचे परीक्षक आणि साक्षी व्हावे, असे तो सांगतो. मात्र एक अट घालतो : त्यांच्यांत वैर नसावे. माझ्या वकिलीत मी जे काही पाहिले त्याचा निम्मा अर्थ त्या अटीत आहे.

मराठेशाहीत दिवाणी तंट्यांचे मुख्य साधन पंचायत होते, हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली दिलेल्या अहवालावरून कळते. तिचे दोषही तो लपवीत नाही. पंच येत नसत, काम रेंगाळे, निवाडा अमलात आणण्यास सत्तेचे साहाय्य मिळेलच असे नसे. परंतु तिची कागदपत्रे पाहण्यासारखी आहेत. पंचांपुढे जाण्यापूर्वी दोन्ही पक्ष त्यांचा निवाडा मान्य करू असे लिहून देत. त्या कागदाला राजीनामा म्हणत. आज आपण नोकरी सोडताना देतो तो राजीनामा, आणि त्या काळचा भांडण मिटविण्यास राजी असल्याचा राजीनामा, असा शब्दाचा प्रवास झाला. वर जामीन घेत. शेवटी हरलेला पक्ष यजितखत, म्हणजे आपली बाजू खोटी ठरल्याची कबुली, लिहून देई. तोंडी भलेपणावर कोणी विसंबून राहत नव्हते.

इंग्रजी न्यायालये आली तेव्हा त्यांच्याबरोबर एक निराळी समजूत आली. लॉर्ड एल्डन या इंग्लंडच्या लॉर्ड चान्सेलरने १८१२ साली एका मद्यभट्टीच्या खटल्यात असे मत दिले की देशातले प्रत्येक नाटकगृह आणि प्रत्येक भट्टी चालविण्याचे काम न्यायालय अंगावर घेणार नाही. चालत्या धंद्यात हात घालावयाचा नाही, मोडल्यावर हिशेब करून द्यावयाचा, असे ते धोरण. १८७२ च्या करार कायद्याचे अकरावे प्रकरण, कलमे २३९ ते २६६, भागीदारीसंबंधी होते आणि ते इंग्रजी विचाराच्या मुशीतले होते. लोकांनाही पंचांचा विसर पडला नव्हता. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी यांनी त्याच दशकात पुण्यात लवाद कोर्ट चालविले आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात सरकारनेच तडजोड घडविणाऱ्यांची तरतूद केली. पण तो मुख्यतः सावकार-कुणब्यांचा विषय. भागीदारांसाठी पुढला टप्पा १९३२ चा.

भारतीय भागीदारी कायदा १ ऑक्टोबर १९३२ रोजी अमलात आला. त्याचा मसुदा तपासणाऱ्या खास समितीत सर दिनशा मुल्ला आणि सर अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारखे कायदेपंडित होते. पेढीची नोंदणी सक्तीची करावी की नाही, हा नाजूक प्रश्न होता. लहान धंदेवाल्यांवर सक्ती नको म्हणून नोंदणी ऐच्छिक ठेवली, पण न करणाऱ्याला कलम ६९ चा अडसर घातला. नोंदणी नसेल तर भागीदाराला करारातला हक्क बजावण्यासाठी पेढीवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. लोकांना सवड मिळावी म्हणून हे कलम वर्षभराने, १ ऑक्टोबर १९३३ पासून, सुरू केले. मूळ परिशिष्टात नोंदणीच्या अर्जाची कमाल फी तीन रुपये होती. आपल्या हैदराबादला हा कायदा १९५१ साली लागू झाला.

या अडसराला एक फट मुद्दाम ठेवलेली आहे. नोंदणी नसली तरी पेढी विसर्जित करण्यासाठी किंवा विसर्जित पेढीचा हिशेब मागण्यासाठी दावा लावता येतो. याचा अर्थ नीट पाहावा. धंदा चालू ठेवून न्याय मागणाऱ्याला दार बंद, धंदा मोडून मागणाऱ्याला उघडे! याज्ञवल्क्याने वाकड्याला काढून उरलेल्यांना पुढे जाऊ दिले होते. येथे सरळ भागीदारालाही आधी मोडतोड करावी लागते.

हे मला कलम वाचून समजले नाही. १९७४ साली माझ्या वकिलीचे दुसरे वर्ष होते. शाळेतल्या माझ्या दोन वर्गमित्रांनी मिळून छापखाना काढला आणि भागीदारीपत्र मी लिहून दिले. एकाचे भांडवल अधिक, दुसऱ्याचे श्रम अधिक, नफा निम्मेनिम्म. वाद झाल्यास लवाद नेमावा, असे एक वाक्य शेवटी घातले आणि मोठे काम केले असे मला वाटले. नोंदणीचे मी बोललो, पण दोघे म्हणाले, आम्ही सहावीपासून एका बाकावर बसलो, सरकारदरबारी कशाला जायचे? मी आग्रह धरला नाही.

१९८३ साली फाटले. श्रम घालणारा मित्र माझ्याकडे आला. त्याला छापखाना मोडायचा नव्हता. दोन वर्षांचा हिशेब हवा होता आणि कागदाची खरेदी कोणाच्या नावे होते ते कळावयास हवे होते. मी लवादाचे वाक्य दाखविले. दुसऱ्याने लवाद नेमण्यास नकार दिला. तेव्हाच्या १९४० च्या लवाद कायद्याप्रमाणे न्यायालयाकडून लवाद नेमून घेण्याचा विचार केला, तर सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ चा जगदीशचंद्र गुप्ता विरुद्ध कजारिया ट्रेडर्स हा निर्णय आडवा आला. नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदाराला त्यासाठीचा अर्जही कलम ६९ मुळे करता येत नाही, असे त्यात ठरले आहे. मग आता नोंदणी करावी, तर कलम ५८ प्रमाणे त्या अर्जावर सर्व भागीदारांची सही लागते आणि दुसरा सही देणार नव्हता. माझ्याच हाताने लिहिलेला कागद असा चारी बाजूंनी बंद झाला.

उरली ती फट. १९८४ साली विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावा लावला. अशा दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात भागीदारांचे हिस्से ठरतात. मग कमिशनर वह्या तपासतो, देणी-घेणी मांडतो आणि त्यावर अंतिम हुकूमनामा होतो. मधल्या काळात मालमत्ता राखण्यासाठी रिसीव्हर नेमता येतो. पद्धत वाईट नाही. कलम ४८ मधला वाटपाचा क्रम, म्हणजे आधी बाहेरची देणी, मग भागीदारांनी कर्जाऊ दिलेले, मग भांडवल आणि उरेल तो नफा, इतका स्वच्छ आहे की गुरुजींनी फळ्यावर मांडावा. पण वेळ लागतो आणि यंत्रे गंजतात. अंतिम हुकूमनामा १९९३ मध्ये झाला. त्याआधीच ट्रेडल यंत्रे आणि टाइप वजनावर विकले गेले होते. तोपर्यंत ऑफसेटचे दिवस आले होते, त्यामुळे गिऱ्हाईकही दुसरे नव्हते.

सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, स्थिती आणखी कठीण होती. तेथील विधिमंडळाने १९८४ च्या दुरुस्तीने कलम ६९ मध्ये पोटकलम (२अ) घालून विसर्जनाच्या आणि हिशेबाच्या दाव्यांची फटही बुजविली. आमचा छापखाना सोलापुरात असता, तर त्या दुरुस्तीनंतर ही नऊ वर्षेही आमच्या वाट्याला आली नसती. व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश रघुवंद्र राव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ते पोटकलम घटनाबाह्य ठरविले. नोंदणी नाही एवढ्याचसाठी भागीदाराला स्वतःच्या मालमत्तेला मुकावे लागणे हे समतेच्या, व्यवसायस्वातंत्र्याच्या आणि मालमत्तेच्या हक्काविरुद्ध आहे, असा त्या निकालाचा आशय. पाव शतकाच्या काळात किती जण त्या दुरुस्तीपायी परतले असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

लवादाचा कायदाही पालटला. १९४० च्या कायद्याखालील कार्यवाही पाहून वकील हसतात आणि कायद्याचे तत्त्वज्ञ रडतात, अशा अर्थाचे उद्गार न्यायमूर्ती देसाई यांनी १९८१ साली काढले होते. १९९६ मध्ये नवा कायदा आला. नोंदणी नसलेल्या पेढीचा भागीदार लवाद सुरू होण्यापूर्वी मालमत्ता राखण्यासाठी न्यायालयाचे तात्पुरते संरक्षण मागू शकतो, हे २००४ च्या फर्म अशोक ट्रेडर्स खटल्यात स्पष्ट झाले. आमच्या यंत्रांसाठी ते फार उशिरा आले. पुढे २०१६ साली अय्यासामी खटल्यात भावाभावांच्या भागीदारीतील हॉटेलचा तंटा होता. नुसता लबाडीचा आरोप केला म्हणून लवाद टळत नाही, असे त्यात ठरले.

आणि आता कायदा पुन्हा पंचांच्या ओसरीकडे वळला आहे. भागीदारीच्या करारातले वाद २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्यात येतात. २०१८ मध्ये त्यात कलम १२अ घातले : तातडीचा दिलासा मागावयाचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थाकडे जावेच लागते. ही अट पाळली नाही तर दावा फेटाळला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. २०२३ साली संसदेने स्वतंत्र मध्यस्थी कायदाही केला. मध्यस्थापुढे झालेल्या समझोत्याला त्याने बळ दिले आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. तरी एक उणीव मला जाणवते. बोलावलेला पक्ष आलाच नाही तर मध्यस्थी सुरू होऊ शकली नाही असा अहवाल लिहिला जातो आणि प्रकरण न्यायालयात जाते. वह्या हजर करा, असे मध्यस्थ कोणाला बजावू शकत नाही. जुन्या पंचांनी आधी राजीनामा आणि जामीन घेतला होता. आपण समझोत्यावर शिक्का उमटविला, पण समझोत्याला बसण्याची हमी घेतली नाही.

अंतिम हुकूमनाम्यानंतर मी गुरुजींना भेटावयास गेलो. तेव्हा ते थकले होते. छापखान्याचे त्यांनी ऐकले होते, कारण दोघेही त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी विचारले, "त्र्याऐंशी साली वह्या माझ्याकडे का नाही आणल्यास?" मी म्हणालो, "गुरुजी, दोघे एकमेकांशी बोलत नव्हते." ते म्हणाले, "एकोणऐंशीतही बोलत नव्हते. तेव्हा आले होते माझ्याकडे, दोन रविवार बसले आणि गेले." मला हे ठाऊक नव्हते. माझ्या अशिलाने ते मला कधी सांगितले नव्हते आणि त्या नऊ वर्षांत मीही त्याला कधी विचारले नव्हते.