पदवी अभ्यासक्रमाची संगणकीय मांडणी

महाविद्यालयाच्या प्रशासकीय संगणक-प्रणालीत पदवीचे विषय, सत्रे, श्रेयांक, उत्तीर्णतेचे निकष आणि पदवीपात्रतेच्या अटी नोंदवण्याचे काम. विषयनिवड, परीक्षा अर्ज, गुणपत्रिका ही पुढची कामे याच नोंदींवर चालतात. मुंबई उपनगरांतील बहुतेक महाविद्यालयांत ही मांडणी मुंबई विद्यापीठाच्या नियमांनुसार होते.

अधिकार : संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम विद्यापीठाकडून मिळतो, उपलब्ध पर्यायांपैकी कोणते विषय शिकवायचे, तुकड्या किती, एवढेच त्याच्या हाती असते. भवन्स (अंधेरी), रामनिरंजन झुनझुनवाला (घाटकोपर), वझे-केळकर (मुलुंड) यांसारख्या स्वायत्त महाविद्यालयांत अभ्यास मंडळे व विद्या परिषद अभ्यासक्रम ठरवतात आणि परीक्षाही महाविद्यालयच घेते. पदवी मात्र विद्यापीठाची असते.

रचना : राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी श्रेयांक आराखडा जाहीर केला. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून लागू झाला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा-मूल्य-भारतीय ज्ञानप्रणाली आणि प्रत्यक्ष कार्यानुभव असे विषयांचे गट त्यात आहेत. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्यासाठी ४० ते ४४ श्रेयांक आणि त्यावर ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप आवश्यक असते.

पात्रतेची तपासणी : केवळ एकूण श्रेयांक मोजून भागत नाही. समजा, पहिल्या वर्षाला ४४ श्रेयांक आहेत आणि विद्यार्थ्याची २ श्रेयांकांच्या अनिवार्य भाषा विषयात केटी राहिली, म्हणजे तो विषय उत्तीर्ण व्हायचा राहिला. त्याची बेरीज ४२ होते, म्हणजे ४० च्या वरच. फक्त बेरीज पाहणारी प्रणाली त्याला प्रमाणपत्रासाठी पात्र ठरवील. म्हणून गटवार किमान श्रेयांक, अनिवार्य विषय आणि एकूण श्रेयांक या तिन्ही अटी स्वतंत्रपणे नोंदवाव्या लागतात.

प्रवेशवर्ष : मुंबई विद्यापीठात श्रेयांकाधारित सत्रपद्धती २०११-१२ मध्ये, तर निवडाधारित श्रेयांक पद्धती २०१६-१७ मध्ये आली. एटीकेटीचे, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात गेलेले, विद्यार्थी मागच्या पद्धतीतले असू शकतात. त्यामुळे नियम बदलले की जुन्या नोंदीत फेरफार न करता तिची प्रत काढून नवी नोंद करतात आणि तिला प्रवेशवर्ष जोडतात. तसे न केल्यास जुन्या विद्यार्थ्याचा निकाल नव्या निकषांवर लागतो.

श्रेयांक बँक : विद्यापीठ अनुदान आयोगाने २८ जुलै २०२१ रोजी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम अधिसूचित केले. विद्यार्थ्याचे श्रेयांक तिथे साधारणपणे सात वर्षे वापरता येतात. ते तिथे जमा होण्यासाठी विद्यार्थ्याचा श्रेयांक बँकेतील बारा अंकी क्रमांक महाविद्यालयाच्या प्रणालीत अचूक नोंदवलेला असावा लागतो.