धावकांच्या मनगटी घड्याळातील अंतरमापन

धावकांच्या मनगटी घड्याळातील अंतरमापन : कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या साहाय्याने धावकाचे स्थान क्षणोक्षणी निश्चित करून त्यावरून त्याने तोडलेले अंतर व त्याचा वेग काढण्याची पद्धती. या पद्धतीने मिळणारे अंतर हे प्रत्यक्ष मोजलेले नसून अनुमानित असते. तिच्या अचूकतेसंबंधीचे बहुतेक गैरसमज हा भेद लक्षात न घेतल्याने उद्भवतात.

धावण्याच्या शर्यतीत वेळेचे मापन लवकर काटेकोर झाले, अंतराचे मात्र बराच काळ सैल राहिले. मॅराथॉन शर्यतीचे ४२·१९५ किमी. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम ठेवण्यात आले. तथापि १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे ते सु. ४०·२ किमी., तर १९२० मध्ये अँटवर्प येथे ४२·७५ किमी. होते. अँटवर्पच्या याच शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले हे धावले व एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या ग्रामीण धावकांच्या वेळा पाहून प्रभावित झालेल्या सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने त्या वर्षी भारतीय खेळाडूंचे पथक पाठविण्यात आले होते. चौगुले यांना आजच्या मॅराथॉनपेक्षा अर्ध्या किमी.हून अधिक अंतर धावावे लागले, ही गोष्ट त्यांच्या वेळेची नंतरच्या धावकांशी तुलना करताना सहसा विसरली जाते. ४२·१९५ किमी. हे अंतर १९२१ मध्ये अधिकृत ठरले.

अंतर ठरले, तरी रस्त्यावर ते मोजावयाचे कसे, हा प्रश्न उरलाच. इंग्लंडमध्ये जॉन ज्यूएल व अमेरिकेत टेड कॉर्बिट यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत प्रमाणित सायकलच्या चाकाचे फेरे मोजण्याची पद्धत रूढ केली. १९७१ मध्ये ॲलन जोन्स यांनी तयार केलेला फेरेगणक आजही वापरात आहे. प्रथम पोलादी फितीने किमान ३०० मी.ची सरळ रेषा मोजून तिच्यावर सायकल चालवितात व चाकाचे प्रमाण ठरवितात. नंतर वळणाच्या कडेपासून ३० सेंमी. अंतर राखून लघुतम मार्गाने रस्ता मोजतात. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून अंतरात हजारी एक एवढी भर घालण्यात येते. मॅराथॉनमध्ये ती ४२ मी. होते. २००४ पासून मुंबईत होणाऱ्या मॅराथॉनमध्ये शर्यत संपल्यावर अनेकांच्या घड्याळात ४२·१९५ हून मोठा आकडा दिसतो व मार्ग चुकीचा मोजल्याची तक्रार होते. वस्तुतः गर्दीत नागमोडी धावणारा, वळणे बाहेरून घेणारा धावक खरोखरच अधिक अंतर तोडतो. त्यात घड्याळाची त्रुटी मिळते.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये हाती घेतलेल्या जीपीएस योजनेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला व १९९५ मध्ये ती पूर्णतः कार्यान्वित झाली. हे उपग्रह सु. २०,२०० किमी. उंचीवरून आपले स्थान व वेळ सांगणारे संकेत पाठवितात. संकेत पोहोचण्यास लागलेल्या काळावरून घड्याळातील ग्राही प्रत्येक उपग्रहापासूनचे अंतर काढतो. तीन उपग्रहांवरून स्थान मिळते. ग्राहीचे स्वतःचे घड्याळ अचूक नसल्याने चौथा लागतो. एक कोट्यांश सेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक कोटी भागांपैकी एका भागाची चूक ३० मी.ची चूक घडविते. नागरी वापराचा संकेत पूर्वी हेतुपुरस्सर सदोष ठेवला जाई. मे २००० मध्ये हे बंधन उठविण्यात आले. त्यानंतर, २००३ मध्ये, गार्मिन कंपनीची ‘फोररनर’ घड्याळे बाजारात आली.

उरलेल्या त्रुटींपैकी धावकास सर्वाधिक बाधणारी म्हणजे परावर्तन. उंच इमारतींवर आदळून आलेला संकेत लांबच्या वाटेने येतो व स्थान रस्त्यापलीकडे सरकते. मुंबईच्या फोर्ट भागात घड्याळाने काढलेली वाट इमारतींतून जाताना दिसते, ती यामुळेच. १५७५·४२ मेगॅहर्ट्‌झच्या जोडीस ११७६·४५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचाही संकेत घेणाऱ्या अलीकडच्या घड्याळांत हा दोष बराच कमी झाला आहे. दुसऱ्या संकेतातील स्पंदने दहापट आखूड असल्याने सरळ व परावर्तित संकेत वेगळे ओळखता येतात. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. ही प्रणाली आरंभी ११७६·४५ मेगॅहर्ट्‌झ व एका उच्चतर कंप्रतेवर चाले. लहान ग्राहींना सोयीची १५७५·४२ मेगॅहर्ट्‌झची कंप्रता २०२३ मधील एनव्हीएस–०१ या उपग्रहापासून तीत आली.

मुंबई–कोलकाता महामार्गावरील सौंदडसारख्या गावी (गोंदिया जिल्हा) इमारतींची अडचण नाही. तेथील अडथळा झाडांचा. नवेगाव–नागझिरा वनप्रदेशातील पानझडी जंगलात पावसाळ्यात दाट, ओली पाने संकेत क्षीण करतात, तर उन्हाळ्यात पानगळीनंतर आकाश मोकळे होते. एकाच रस्त्याचे अंतर एकाच घड्याळात दोन ऋतूंत वेगळे भरणे त्यामुळे संभवते.

या भागात पहाटे धावणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण बरेच असतात. महाराष्ट्रात या भरतीत पुरुषांना १,६०० मी. व स्त्रियांना ८०० मी. धावावे लागते व लागलेल्या वेळेवर गुण मिळतात. सेकंदाला ५ मी. वेगाने धावणाऱ्याच्या घड्याळात पाच सेकंदांनी एक बिंदू नोंदला जात असेल, तर ४०० मी.च्या धावमार्गाच्या वळणांवर कंसाऐवजी जीवा मोजली जाऊन दर फेरीस सु. ४ मी. गळतात. येथे धावक थोडे अधिक धावतो, एवढेच. उलट, सरळ रस्त्यावर बिंदू दोन्ही बाजूंना विखुरले, तर मोजलेली वाट वेडीवाकडी होऊन वाढते. घड्याळ तीन टक्के अधिक दाखवीत असेल, तर १,६०० मी. पूर्ण झाले असे समजणारा तरुण सु. १,५५३ मी.वरच थांबलेला असतो व परीक्षेच्या मैदानावर त्यास नऊ-दहा सेकंद अधिक लागतात. घड्याळ महागडे नसेल, तर हा धोका अधिक. सरावाचे अंतर पोलादी फितीने एकदा मोजून दोन्ही टोकांना चुन्याची खूण केली, की घड्याळाकडे केवळ वेळमापनाचे काम उरते आणि ते काम साधे घड्याळही उत्तम करते.