५० बस कमी झाल्या, पण वेळापत्रक मागे घ्यावं लागलं: बॉस्टनची गोष्ट

नेट, सेट किंवा पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, की संशोधनाचा प्रश्न नेमका मांडायचा कसा? याचं उत्तर सूत्रात देता येत नाही, म्हणून आज एक इतिहास सांगते. थोडं गणित आहे, पण घाबरू नका. गुणाकार येत असेल तर पुरे.

गोष्ट अमेरिकेतल्या बॉस्टन शहराची. तिथल्या शाळा समितीने डिसेंबर २०१७ मध्ये शाळांच्या वेळा बदलण्याचं धोरण एकमताने मंजूर केलं. त्यामागे देशातल्या नामवंत संस्थेचं गणित होतं. तरीही महिना संपायच्या आत नव्या वेळा गुंडाळून ठेवाव्या लागल्या. असं का झालं हे समजायला आधी मागे जावं लागेल.

एवढ्या बस आल्या कुठून?

मुलांना शाळेत नेण्या-आणण्यासाठी सार्वजनिक पैसा वापरायची मुभा मॅसॅच्युसेट्स राज्याने १८६९ मध्येच कायद्याने दिली होती. तेव्हा अर्थातच घोडागाड्या होत्या. पण बॉस्टनच्या बसचा खरा इतिहास १९७४ चा आहे. त्या वर्षी २१ जूनला न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी निकाल दिला, की शहराच्या शाळा समितीने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा जाणूनबुजून वेगळ्या ठेवल्या आहेत. उपाय म्हणून मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत पाठवायचं ठरलं. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या तेव्हा साउथ बॉस्टन भागात मुलांच्या बसवर दगड पडले. त्यामुळे या शहरात स्कूलबस हे नुसतं वाहन कधीच नव्हतं.

पुढे १९८९ मध्ये शहराचे तीन विभाग करून पालकांना आपल्या विभागातली शाळा निवडायची सोय दिली गेली. म्हणजे एकाच गल्लीतली पाच मुलं पाच शाळांत जाऊ लागली. विशेष गरजा असलेल्या मुलांना घराच्या दारातून न्यायचं, शिवाय काही खाजगी आणि चार्टर शाळांच्या मुलांची ने-आणही शहरानेच करायची. २०१७ च्या सुमारास हिशोब असा होता: सुमारे ६५० बस, २५ हजारांच्या आसपास मुलं आणि वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त खर्च. शिक्षणाच्या अंदाजपत्रकाचा साधारण दहावा हिस्सा बसमध्येच जात होता.

एक बस, तीन शाळा

आता पैसे वाचवायची जुनी युक्ती बघा. समजा तीन शाळा आहेत आणि प्रत्येकीला १० बस लागतात. तिन्ही शाळा सकाळी ८:३० ला भरल्या तर ३० बस हव्यात. पण एक ७:३० ला, दुसरी ८:३० ला आणि तिसरी ९:३० ला भरली, तर त्याच १० बस तीन फेऱ्या मारतील. बॉस्टनने नेमकं हेच केलं होतं आणि त्या वेळा जवळजवळ तीस वर्षं तशाच चालू राहिल्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या युक्तीत वाचलेला पैसा कुठूनतरी येतो. कुणाच्या तरी घरात पहाटे दिवा लागतो, म्हणून बस कमी लागतात.

दरम्यान गणितही पुढे सरकत होतं. १९५९ मध्ये डांट्झिग आणि रॅम्सर यांनी पेट्रोलचे टँकर पंपांपर्यंत कमीत कमी अंतरात कसे पाठवायचे, हा प्रश्न मांडला. गाड्यांच्या मार्ग-आखणीचं शास्त्र तिथून सुरू झालं असं मानतात. दहाच वर्षांत, १९६९ मध्ये, न्यूटन आणि थॉमस यांनी स्कूलबसचे मार्ग संगणकाने आखण्यावर शोधनिबंध लिहिला. तेव्हापासून स्कूलबस हा ऑपरेशन्स रिसर्चमधला नेहमीचा प्रश्न होऊन बसला.

२०१७ मध्ये काय झालं?

त्या वर्षी बॉस्टनच्या शाळा विभागाने खुली स्पर्धा जाहीर केली: आमच्या बसचे मार्ग सुधारून दाखवा. एमआयटीच्या दिमित्रिस बर्त्सिमास, आर्थर डेलारू आणि सेबास्तियन मार्टिन यांची पद्धत निवडली गेली. तिने ५० बस कमी झाल्या, वर्षाला ५० लाख डॉलर वाचले आणि मुलांची सोय पूर्वीइतकीच राहिली. हे यश खरं आहे, त्याला कमी लेखू नका.

मग पुढचा प्रश्न आला: मार्गांबरोबर शाळांच्या वेळाही बदलल्या तर? २०० शाळा धरल्या आणि प्रत्येकीला तीनपैकी एक वेळ द्यायची म्हटलं, तरी पर्यायांची संख्या ९६ अंकी होते. हे हाताने होणं शक्यच नाही. शिवाय हेतूही चांगला होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं होतं, की किशोरवयीन मुलांच्या शाळा ८:३० च्या आधी भरवू नका, त्यांची झोप होत नाही. चालू वेळाही न्याय्य नव्हत्या. सोयीच्या वेळा सगळ्या वस्त्यांच्या वाट्याला सारख्या आलेल्या नव्हत्या. म्हणून मोठ्या मुलांच्या शाळा उशिरा सुरू व्हाव्यात, लहानांच्या फार उशिरा सुटू नयेत आणि वाचलेला पैसा पुन्हा शाळांत घालावा, असं धोरण समितीने मान्य केलं.

पण बस तेवढ्याच आणि फेऱ्या तीन. मोठी मुलं उशिरा गेली तर पहाटेची फेरी लहानांच्या वाट्याला येणार. पालकांनी यादी उघडली तेव्हा बहुसंख्य शाळांच्या वेळा बदललेल्या होत्या आणि कित्येक प्राथमिक शाळा सकाळी ७:१५ वर आल्या होत्या. अशी शाळा दुपारी लवकर सुटणार. मग संध्याकाळपर्यंत मूल सांभाळणार कोण? दोन नोकऱ्या करणाऱ्या आईने साहेबाला काय सांगायचं? १९९२ पासून तिथली समिती महापौर नेमतात, त्यामुळे मतपेटीतून जाब विचारायची सोय पालकांना नव्हती. तो त्यांनी भर सभेत विचारला. २२ डिसेंबरला शाळाप्रमुख टॉमी चँग यांनी नव्या वेळा मागे घेतल्या.

यातून आपण काय घ्यायचं?

पहिली गोष्ट. गणित चुकलं नव्हतं. दिलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने चोख दिलं. पण घरोघरच्या सकाळीची किंमत त्या प्रश्नात पुरती मावली नव्हती. तुम्ही जेव्हा ‘खर्च कमीत कमी करा’ असं लिहाल, तेव्हा शेजारी हेही लिहा: कुणाचा खर्च? विभागाच्या वहीतून पुसलेला आकडा पालकांच्या वहीत चढला असेल, तर ती बचत नव्हे, ती नुसती बदली.

दुसरी गोष्ट. आहे तसं चालू ठेवणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे. जुन्या वेळाही कुणीतरी ठरवल्याच होत्या, त्यांचाही भार कुणीतरी तीस वर्षं उचलला. तो सवयीचा झाला म्हणून दिसेनासा झाला, इतकंच. वेळा मागे घेतल्यावर कुणाची सुटका झाली आणि पहाटेच्या बसमध्ये कोण तसंच बसून राहिलं, हाही प्रश्न विचारायलाच हवा.

तिसरी गोष्ट खास तुमच्यासाठी. या कामावरचा शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीने तीस वर्षांतला पहिला वेळबदल एकमताने मंजूर केला, असं त्याचा सारांश सांगतो. वाक्य अक्षरशः खरं आहे. पण ‘मंजूर झाला’ आणि ‘लागू झाला’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. नुसता सारांश वाचून टिपण काढणारा विद्यार्थी इथेच फसतो. निबंधाबरोबर त्या काळातली वर्तमानपत्रंही चाळायची सवय लावून घ्या.

आणि हे लांबच्या देशाचं म्हणून सोडून देऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने लहान मुलांची झोप व्हावी म्हणून पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. हेतू तोच, झोपेचा. ज्या शाळा एकाच इमारतीत दोन सत्रांत भरतात आणि एकच बस दोन फेऱ्या मारते, तिथे ९ चा आकडा कशाकशाला धक्का देतो, ते कागदावर मांडून बघा. शाळेचा, बसवाल्याचा, आईचा आणि मुलाचा असे चार रकाने आखा. त्यातला जो रकाना भरायला माहितीच सापडणार नाही, तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुधा तिथेच असेल.