जमिनीखालच्या भिंतीवर बायांची नावं

भिंत सारवायची, लिंपायची, सणाला तिच्यावर चित्र काढायचं, हे काम आपल्याकडे बहुतेक बाईच करते. पण ती भिंत घराची. गावच्या, सगळ्यांच्या भिंतीवर नाव कोणाचं लागणार, हे तिला सहसा कोणी विचारत नाही. म्हणून आज आपण दूरच्या स्वीडन देशातली एक गोष्ट ऐकू.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तिथली भुयारी रेल्वे १९५० साली सुरू झाली. पुढं शहराच्या मधोमध मोठं स्टेशन व्हायचं ठरलं, तेव्हा वेरा निल्सन आणि सिरी डेर्केर्ट या दोघी चित्रकार बायांनी आग्रह धरला, की स्टेशनात कलाही हवी. संग्रहालयात सवड असलेली माणसं जातात, रेल्वेनं तर मोलकरीण, कामगार, शाळकरी पोरं सगळीच जातात. १९५५ साली शहराच्या सभेत ठराव आले आणि मान्य झाले. १९५७ साली ते स्टेशन उघडलं, ते कलाकामासह.

यातली सिरी १८८८ साली जन्मलेली. मुलं वाढवत, पोटासाठी कपड्यांची डिझाइनं काढत तिनं आपली कला टिकवली. पन्नाशी उलटल्यावर ती फोगेलस्टाडच्या शाळेत शिकायला गेली. ही शाळा फक्त बायांची. स्वीडनमध्ये बायांनी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं १९२१ साली. पण मत मिळालं म्हणजे सभेत बोलता येतं असं नाही, हे ओळखून पाच जणींनी १९२५ साली ही शाळा काढली. शेतावर राबणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, शिक्षिका, सगळ्या एकत्र बसत. तिथं एक खोटं खोटं गाव मांडलं होतं. त्या गावाचा कारभार चालवत, सभा घेत बाया सराव करायच्या.

पुढं सिरीला ओस्टरमाल्मस्टोर्ग नावाच्या स्टेशनाचं काम मिळालं. तो काळ अणुबॉम्बच्या भीतीचा. हल्ला झालाच तर लोकांना आसरा मिळावा, अशा बेतानं हे स्टेशन बांधलेलं. अशा जागी सिरीनं शांततेची, निसर्ग जपण्याची आणि बायांच्या हक्कांची चित्रं काढली. पद्धत अशी, की काँक्रीटवर जोरानं वाळूचा मारा करायचा. वरचा सिमेंटचा थर उडतो, आतली खडी दिसते आणि रेघ उमटते. रंगासारखी ती पोपडे होऊन गळत नाही, पुसताही येत नाही.

त्या रेघांमध्ये बायांचे चेहरे आहेत, नावं आहेत. जुन्या ग्रीसची कवयित्री सॅफो आहे, इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आहे, आणि फोगेलस्टाडच्या शाळेतल्या बायाही आहेत. १९६५ साली स्टेशन सुरू झालं तेव्हा सिरीनं पंचाहत्तरी ओलांडली होती.

आज स्टॉकहोमच्या शंभर स्टेशनांपैकी नव्वदहून जास्त ठिकाणी कलाकाम आहे. लोक ते बघायला परदेशातून येतात. त्याच्या मुळाशी दोन बायांची मागणी होती.

मैत्रिणींनो, आपल्या गावात पाणी आणण्यासाठी, शाळेसाठी, दारूबंदीसाठी झटलेल्या बाया आहेतच. गटाच्या पुढच्या बैठकीत त्यांची नावं आठवून वहीत लिहू या. मग ग्रामसभेत विचारू या, की ही नावं गावच्या कोणत्या भिंतीवर लिहायची?