मोजणीचे पहिले घर



मुलाला चार वर्षे पूर्ण झाली की आपण म्हणतो, "आता पाचवे लागले." चार खरे की पाच? दोन्ही खरे. संगणकाच्या भाषांतही हाच जुना पेच आहे.

ॲरे म्हणजे एका नावाखाली ओळीने मांडलेली घरे. त्यांत आपल्या निजामशाहीचे पहिले चार सुलतान बसवू : अहमद, बुऱ्हाण, हुसेन, मुर्तझा. इतिहासाच्या पेपरात मुर्तझा चौथा. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेतही चौथाच. परंतु १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडविलेल्या सी भाषेत अहमदचा क्रमांक शून्य आणि मुर्तझाचा तीन! तेथे क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर. पहिल्या घरी जाण्यास एकही घर ओलांडावे लागत नाही. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली टिपण लिहून शून्याचीच बाजू घेतली. पास्कल भाषा याहून उदार. तीत निजामशाहीच्या सनावळीचा ॲरे सरळ १४९० पासून १६३६ पर्यंत मांडता येतो. मला हीच रीत आवडते, पण ती इतिहासाच्या मास्तराची आवड झाली.

हे शून्य आपणांस परके नाही. भारतातील शून्याला अरबांनी 'सिफ्र' म्हटले. 'झीरो' आणि 'सायफर' हे शब्द त्यातूनच आले. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिज्मी यांनी हिंदी अंकगणितावर ग्रंथ लिहिला आणि त्यांच्याच नावाचा 'अल्गोरिदम' झाला. १९४४ साली आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी याच शून्याच्या प्रवासावर लिहिले. मौलाना आझाद तेव्हा त्याच किल्ल्यात बंदिवान होते. हिजरी सन मात्र एकापासून सुरू होतो. त्यात शून्य वर्ष नाही.

तेव्हा मुलांनो, ॲरेचे पहिले घर कोणते हे गृहीत धरू नका. व्हिज्युअल बेसिक आणि फोरट्रान ९० मध्ये 'एलबाउंड' असे विचारले की भाषाच उत्तर देते. सी मध्ये ही सोय नाही, तेथे शून्य ठरलेलेच. समजा, शिष्यवृत्तीस पात्र चाळीस विद्यार्थ्यांची यादी सी मध्ये एक ते चाळीस अशी वाचली. सर्वांत वरचे नाव वाचलेच जाणार नाही, शेवटी यादीबाहेरचे घर उघडले जाईल, आणि सी भाषा बहुधा तक्रारही करणार नाही.