सातपुड्याच्या पाण्यावरील डिझेलची नाव

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सरहद्दीवरून नर्मदा सुमारे ५४ किलोमीटर वाहते आणि महाराष्ट्राचा तिच्याशी तेवढाच काय तो संबंध येतो. परंतु एवढ्या अल्प अंतरात विंध्य आणि सातपुडा यांच्या कड्यांमधून तिने काढलेली वाट इतकी अरुंद, खडकाळ आणि वेगवान होती, की भडोचहून पावसाळ्यात वर येणारी गलबते तिलकवाड्याच्या आसपास थांबत, आणि त्यापुढे शूलपाणीच्या झाडीपासून वर हिरणफाळेपर्यंतचा प्रवाह नौकानयनास निरुपयोगी समजला जाई. परिक्रमावासी याच झाडीतून पायी, भीत भीत जात; नर्मदा ओलांडावयाची नाही हा त्यांचा नियम असल्याने नावेशी त्यांचे प्रयोजनच नव्हते. काठावरच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांना मात्र नदी सरहद्द म्हणून कधीच ठाऊक नव्हती. पलीकडच्या तीरावर सोयरीक होती, बाजार होता, देव होता. उन्हाळ्यात उताराने चालत आणि एरवी लहानशा होडीने पलीकडे जावे, आणि पुराच्या दिवसांत नदीला नमस्कार करून घरी बसावे, असा तेथील शिरस्ता होता.

दक्षिणेकडे तापीची गोष्ट थोडी निराळी. प्रकाशे, सारंगखेडे अशा गावांपाशी मोठ्या रस्त्यांना नदी ओलांडावी लागे, आणि तेथे माणसे-गाड्या पार नेणारी तर चाले. १८६८ च्या मुंबई फेरी कायद्याने अशा सार्वजनिक तरी सरकारी देखरेखीखाली आल्या. तरीचा मक्ता दिला जाऊ लागला, माणशी, बैली आणि गाडीमागे दस्तुरीचे दर ठरले, आणि पिढ्यान्पिढ्यांचा नावाडी सरकारी दप्तरात मक्तेदाराचा चाकर म्हणून नोंदला गेला. त्याची विद्या मात्र कोणत्याही दप्तरात नव्हती. पाण्याचा रंग पाहून खोली सांगणे, भोवऱ्याच्या कडेने नाव तिरपी नेणे, वरच्या अंगाला पाऊस झाल्याचे वासावरून ओळखणे, हे सारे ज्ञान वाहत्या पाण्याचे होते, आणि त्यात यंत्राला जागा नव्हती.

खानदेशात डिझेलचे इंजिन प्रथम नदीवर आले नाही; ते विहिरीवर आले. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चालले, आणि १९०३ पासून तसली यंत्रे युरोप-रशियाच्या जलमार्गांवरील नौकांतून फिरू लागली. आपल्याकडे साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्यात आणि १९४६ पासून पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये अशी इंजिने बनू लागली, तेव्हा त्यांचा मोठा गिऱ्हाईक होता तो मोट हाकून थकलेला शेतकरी. शहादे आणि नंदुरबार तालुक्यांच्या काळ्या जमिनीत, ऊस, कापूस आणि मिरचीच्या मळ्यांत, मोटेच्या कुरकुरीच्या जागी एका सिलिंडरच्या इंजिनाची ठक्-ठक् ऐकू येऊ लागली. डिझेलला तेव्हा खेड्यात ‘क्रूड’ म्हणत. इंजिनाने ‘एअर घेतली’, ‘नोझल बसले’, हे शब्द त्याच विहिरीच्या थारोळ्यावर रूढ झाले. जिल्ह्याला इंजिनाची भाषा शेतीने शिकविली, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण पुढे जे घडले त्यातील बरीचशी अडचण या वारशातच होती.

मग नद्याच बदलल्या. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचे पाणी तापीच्या खोऱ्यात नवापूर तालुक्यापर्यंत मागे आले. नर्मदेवर सरदार सरोवराचे पाणी चढू लागले तेव्हा १९९३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातील मणिबेली हे गाव प्रथम त्याच्या तडाख्यात सापडले. एकूण ३३ गावे, त्यांपैकी ९ अक्कलकुवा तालुक्यातील आणि २४ अक्राणीतील, बुडिताच्या यादीत होती. २०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटर उंचीचे झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते प्रथमच पूर्ण भरले. जे विस्थापित झाले त्यांची कहाणी अनेकांनी लिहिली आहे, आणि ती लिहावी तेवढी थोडीच आहे. येथे मला सांगावयाचे आहे ते काठावर, टेकड्यांच्या माथ्यांवर मागे राहिलेल्यांविषयी. ज्या नदीला ते चालत ओलांडीत, ती आता अथांग, संथ आणि रुंद जलाशय झाली. नाल्यांतून पाणी मैलमैल आत शिरले. शेजारच्या पाड्याला जाण्याची पाऊलवाट पाण्याखाली गेली. आणि जेथे नाव ही पूर्वी सोय होती तेथे ती एकमेव रस्ता झाली. वाहत्या पाण्याची सारी विद्या एका पिढीत निरुपयोगी ठरली. एवढे पाणी वल्ह्याने कापणे हे नेहमीच्या जाण्यायेण्यास शक्य नव्हते. इंजिन आले ते या गरजेतून.

परंतु विहिरीवरचे इंजिन आणि नावेतले इंजिन यांची इंधनाची व्यवस्था एक नसते, आणि नवी नाव पाण्यात पडताच जो बिघाड वारंवार होतो त्याचे मूळ येथेच आहे. विहिरीवर टाकी इंजिनाच्या डोक्यावर असते. डिझेल आपल्या वजनानेच खाली उतरते. इंजिन चिरेबंदी चौथऱ्यावर अचल उभे असते. नावेत तोल सांभाळण्यासाठी टाकी तळाशी न्यावी लागते, म्हणून डिझेल पंपाने वर ओढावे लागते. आणि ओढणाऱ्या नळीतील दाब बाहेरच्या हवेहून कमी असल्याने तिच्या सांध्याला बारीकशी फट असली तरी तिच्यातून डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. गळतीचा हा प्रकार मोठा फसवा आहे. सांधा कोरडा खडखडीत दिसतो, माणूस निर्धास्त राहतो, आणि इंजिन मात्र भर पाण्यात धापा टाकते.

हवेचा एवढा बाऊ का करावा, हे ज्याला नीट समजले त्याला डिझेल इंजिनाचे अर्धे शास्त्र समजले असे म्हणता येईल. या इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले डिझेल पेटते. तो फवारा उडण्यासाठी नोझलपाशी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २०० किलोचा दाब लागतो, आणि तो निर्माण करणाऱ्या पंपाचा दट्ट्या आपल्या नळकांड्यात, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढी फट ठेवून, सरकत असतो. डिझेल दबत नाही म्हणून दाब पुढे पोहोचतो. हवा दबते, म्हणून नळीत बुडबुडा असला की दट्ट्या त्यालाच दाबीत आणि सोडीत बसतो, नोझल उघडतच नाही. धूळ आणि पाणी यांचा उपद्रव निराळा: ती हवेप्रमाणे तात्पुरते अडवीत नाहीत, त्या सूक्ष्म फटीला कायमची दुखापत करतात.

नवी नाव आहे म्हणून तिची टाकीही निर्मळ असेल, हा समज तर सर्वांत घातक. लोखंडी टाकीत वेल्डिंगची खपली उरते, फायबरच्या टाकीत कापताना उडालेला भुसा. सांध्यांना चोपडलेल्या लुकणाचे तुकडे, पुसण्याच्या चिंधीचे धागे, हे सारे पहिल्याच प्रवासात हेलकाव्यांनी ढवळून निघते. धक्क्याला बांधलेल्या नावेचे इंजिन तासभर उत्तम चालते आणि मधल्या पाण्यात बंद पडते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. त्यात आपल्या नदीकाठी डिझेल येते ते डोंगर उतरून, कॅनांतून, धुळीच्या वाटेने. कॅनमध्ये आधी काय होते हे कोणी विचारीत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीत थंडीच्या रात्री भिंतींना दव धरते आणि ते पाणी तळाशी साचते.

अशा वेळी निदान कसे करावे? जुना वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्याला विचारी, तसे प्रथम नावाड्यालाच विचारावे की इंजिन कसे बंद पडले. लागलीच सुरू होऊन मिनिटाभरात थांबले, तर फिल्टरमध्ये साठलेले तेवढे डिझेल संपले आणि मागून आले नाही, म्हणजे नळी तुंबली, चावी बंद राहिली किंवा हवा शिरली. रिकामी नाव बरी चालते आणि माणसे बसली की दम तोडते, तर फिल्टर भरला असण्याचा संभव फार. अर्धा तास चालून थांबले आणि दहा मिनिटे विसावा दिल्यावर पुन्हा चालले, तर टाकीच्या झाकणाचे श्वासाचे छिद्र पाहावे. ते बुजले की टाकीत निर्वात होऊन डिझेल ओढले जात नाही, आणि झाकण सैल करताच फुस्स असा आवाज येऊन इंजिनास पुन्हा जीव येतो. छिद्र मोकळे असूनही हेच घडत असेल, तर टाकीतला कचरा ओढीने नळीच्या तोंडाला चिकटतो आणि ओढ थांबली की गळून पडतो, असे समजावे.

यानंतर एक साधी परीक्षा आहे, जिला अवजार जवळजवळ लागत नाही. स्वच्छ गाळलेल्या डिझेलचा डबा इंजिनाहून उंच टांगावा, त्याची आखूड नळी थेट फिल्टरला जोडावी, फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत फेस बाहेर काढावा आणि इंजिन चालवून पाहावे. ते नीट चालले तर दोष टाकी आणि फिल्टर यांच्या दरम्यान आहे, हे निर्विवाद ठरते. दाबाच्या पंपाला किंवा नोझलला हात लावण्याचे कारण उरत नाही. मग त्या नळीत मध्ये वीतभर पारदर्शक नळी घालून बुडबुडे कोठून येतात ते पाहत सांधे एकेक करून तपासावेत, तांब्याचे जुने वायसर बदलावेत, आणि टाकीच्या तळचे डिझेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून सकाळी खाली पाणी बसले आहे काय ते पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर इंजिन चालेल, पण ज्ञान मिळणार नाही. नदीकाठच्या धुळीत बसून प्रथम दाबाचा पंपच उघडणाऱ्या कारागिराला मी दोषी धरतो, मग त्याचा हात कितीही सराईत असो. कारण त्या सूक्ष्म फटीत गेलेला वाळूचा कण पुढे कोणाच्याही हाताने निघत नाही.

ही विद्या क्षुल्लक वाटेल त्याने या पाण्यावर काय काय चालते ते पाहावे. युरोपीय साहाय्यातून आलेले तरंगते दवाखाने याच जलाशयातून पाड्यापाड्यांना जात आले. सर्पदंश झालेला मुलगा, अडलेली बाळंतीण, रेशनचे धान्य, जीवनशाळेची पुस्तके, सारे नावेनेच गेले. २०२० च्या टाळेबंदीच्या वर्षात चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका मच्छीमाराची होडी मागून घेऊन स्वतः वल्हवीत बालकांपर्यंत आणि गरोदर स्त्रियांपर्यंत पोहोचत राहिली, आणि तिच्या दुखऱ्या हातांची वार्ता देशभर गेली. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, भुषा येथे क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली नाव उलटली आणि त्यात मुलांसुद्धा अनेकांचे प्राण गेले. तो अपघात इंजिनाचा नव्हता; पण भरलेली नाव मध्यभागी बंद पडून वाऱ्याला आडवी झाली, तर तसाच प्रसंग ओढवण्यास वेळ लागत नाही. जुना नावाडी प्रवाहाला ओळखीत होता म्हणून माणसे पैलतीरी पोहोचत. आजचा नावाडी आपल्या इंधनाच्या नळीला ओळखतो किंवा नाही, यावर तितकेच अवलंबून आहे.

म्हणून जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या चालकांना माझी विनंती आहे, की नर्मदेच्या प्रत्येक घाटावर डिझेल गाळण्याचे जाळीदार नरसाळे, बदलीचा फिल्टर, तांब्याचे वायसर आणि उंच टांगण्याजोगा एक स्वच्छ डबा ठेवावा, आणि प्रत्येक पाड्यातील दोघा तरुणांना हे निदान त्यांच्या भिलोरी आणि पावरी बोलीत, प्रत्यक्ष नावेत बसवून शिकवावे. पावसाळ्याने जलाशय भरण्यापूर्वीच हे झाले पाहिजे.